ट्रिगर लॉकची किल्ली सापडत नाही: लॉकला हात लावण्याआधी काय बघायचं

कोल्हापुरातल्या एका शूटिंग रेंजवर मी मुलांच्या एअर पिस्तुलांची आणि एअर रायफलींची देखभाल बघतो. पेलेट म्हणजे छर्रा अडकणं, हवेच्या सिलिंडरचं वॉशर जाणं, ट्रिगरचं वजन बिघडणं ही रोजची कामं. त्यांच्या जोडीला वर्षातून सात-आठ वेळा एक प्रसंग ठरलेला असतो. आई किंवा वडील घाईघाईनं येतात, हातात पिस्तुलाची पेटी असते आणि म्हणतात, "सर, लॉकची किल्ली हरवली, तेवढं तोडून द्या."

हे बहुतेक वेळा स्पर्धेच्या दिवशी सकाळीच घडतं, नाहीतर मे महिन्याची सुट्टी संपल्यावर. स्वप्नील कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मिळवलं, त्यानंतर आमच्याकडे स्वतःचं हत्यार घेणारी घरं वाढली. इथल्याच नेमबाज तेजस्विनी सावंत आणि राही सरनोबत यांच्यामुळे हा खेळ या शहराला नवा नाही. पण यातल्या बऱ्याच घरांत याआधी कधी छर्ऱ्याची बंदूकसुद्धा नव्हती. कोचनी सांगितलं म्हणून लॉक घेतलं जातं. किल्ली मात्र टीव्हीच्या रिमोटसारखी कुठंही पडलेली असते.

आधी तक्रार नक्की कोणती आहे ते बघा, कारण "किल्ली हरवली" म्हणून आलेल्या केसेसमध्ये किल्ली खरंच हरवलेली असतेच असं नाही. माझ्याकडे येणारी लक्षणं साधारण अशी असतात:

- दोन्ही किल्ल्या सापडत नाहीत.
- किल्ली आहे, पण लॉकमध्ये पूर्ण आत जात नाही.
- आत जाते, पण फिरत नाही.
- फिरते, पण लॉकचे दोन भाग सुटे होत नाहीत.
- किल्ली आत तुटली.
- नंबरचं लॉक आहे आणि नंबर आठवत नाही.

ट्रिगर लॉक म्हणजे रबराचे पॅड लावलेले दोन भाग. ट्रिगर गार्डच्या दोन्ही बाजूंनी ते बसतात. एका भागाच्या दांड्याला खाचा असतात, दुसऱ्या भागात कुलूप असतं. दाबलं की खाचा एकेक करून पुढं सरकतात आणि किल्लीशिवाय मागं येत नाहीत. हे डोक्यात ठेवा, पुढं उपयोगी पडेल. आणखी एक गोष्ट त्याहून महत्त्वाची. लॉक बोटाला ट्रिगरपर्यंत पोहोचू देत नाही, एवढंच त्याचं काम. बंदुकीच्या आतलं काहीही ते बंद करत नाही. आत पेलेट असेल, हवा असेल, कॉक केलेलं म्हणजे ट्रिगर दाबताच सुटायला तयार असेल, तर लॉक लावल्यावरही सगळं तसंच तयार राहतं.

किल्ली शोधण्याआधी

दोन वर्षांपूर्वी एका मुलीचे वडील पिस्तूल घेऊन आले, तेव्हा लॉकच्या फटीत स्क्रू ड्रायव्हर खुपसलेलाच होता. घरून निघताना त्यांनी प्रयत्न करून पाहिला होता. वर्कशॉपच्या स्टुलावर बसून ते मला दाखवत होते की कसा जोर लावला, आणि नळीचं तोंड त्यांच्याच मांडीकडे होतं. मी पिस्तूल हातात घेतलं, सिलिंडर काढलं, लोडिंग लिव्हर म्हणजे पेलेट भरायची दांडी उघडली. आत पेलेट होती. आदल्या दिवशी सराव संपताना मुलीनं शेवटची पेलेट भरली होती, रेंज बंद करायची घंटा झाली, आणि तिनं तसंच लॉक लावून पिस्तूल पेटीत ठेवलं होतं.

म्हणून लॉकचा विचार करण्याआधी हे करा. मॅचच्या पिस्तुलाचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅमला सुटायचा असतो, आणि शूटर तो त्याच्या जवळपासच ठेवतात. अर्धा किलो म्हणजे किती, ते साखरेच्या पुड्यावरून कळतं. लॉक पिळताना, हलवताना त्याचा दांडा ट्रिगरला टेकला तर एवढा दाब सहज पडतो.

नळीचं तोंड भिंतीकडे किंवा जमिनीकडे ठेवा, आणि त्या दिशेला माणूस नसेल याची खात्री करा. भिंतीपलीकडे कोण झोपलंय तेही बघा. पेलेटचा डबा दुसऱ्या खोलीत ठेवा. दाबलेल्या हवेवर चालणारं हत्यार असेल तर सिलिंडर हातानं फिरवून काढा. एवढ्यानं ते रिकामं झालं असं समजू नका, आतल्या भागात एखाद्या शॉटपुरती हवा उरू शकते. मग लोडिंग लिव्हर उघडा, सेफ्टी फ्लॅग, म्हणजे रेंजवर वापरतात ती लांब नारंगी पट्टी, नळीच्या आरपार घाला आणि लिव्हर उघडीच राहू द्या. रेंजवर हा नारंगी फ्लॅग नळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलाच पाहिजे असा नियम आहे, तो याचसाठी. फ्लॅग आरपार गेला म्हणजे नळीत पेलेट नाही, हे लांबून बघणाऱ्यालाही कळतं. मोरिनी कंपनीच्या काही पिस्तुलांसारखा इलेक्ट्रॉनिक ट्रिगर असेल तर स्विचही बंद करा.

स्प्रिंगची, नळी मोडून कॉक करायची एअर रायफल असेल तर मात्र नियम उलटा. लॉक लावलेलं असताना नळी मोडू नका. लॉकमुळे ट्रिगर थोडा दाबलेला असेल तर स्प्रिंग अडकवून धरणारा दात नीट बसत नाही, आणि नळी जोरात परत आदळते. यात बोट सापडलं तर हाड मोडतं. अशी रायफल भरलेली आणि कॉक केलेलीच आहे असं धरून चाला आणि खालच्या सगळ्या पायऱ्या सोडून थेट रेंजवर फोन करा.

१. शोधणं, आणि घरात विचारणं

फुकटचा उपाय हाच आणि निम्म्याहून जास्त वेळा काम इथंच होतं. लॉकसोबत बहुतेक दोन किल्ल्या येतात. एक वापरात असते, दुसरी कुठं गेली ते कुणालाच आठवत नाही. मला ती जिथं सापडली आहे त्या जागा सांगतो: पिस्तुलाच्या पेटीतल्या फोमच्या खाली, लॉकच्या मूळ खोक्यात पुठ्ठ्याच्या घडीत, शूटिंग जॅकेटच्या आतल्या खिशात, पेलेटच्या रिकाम्या डबीत, स्कोअरच्या वहीत, गाडीच्या किल्ल्यांच्या जुडग्यात. आजी-आजोबा असलेल्या घरात देवघरातली डबी नक्की बघा. बेवारस दिसलेली किल्ली घरातलं वडीलधारं माणूस तिथंच ठेवतं.

शोधायला अर्धा तास द्या. पण नुसतं शोधू नका, घरातल्या प्रत्येकाला एकेक करून विचारा. आवाज चढवून विचारलंत तर लहान मूल खरं सांगणार नाही.

याचं कारण मला फार गंभीर वाटतं. किल्ली हरवल्याची तक्रार घेऊन येणारा प्रत्येक जण मला "लॉक उघडत नाही" म्हणून सांगतो. पण जी किल्ली तुमच्याकडे नाही, ती दुसऱ्या कुणाकडे असू शकते. एका घरात ती सापडली दुसरीतल्या धाकट्या भावाच्या कंपास पेटीत. ताईचं पिस्तूल बघायचं होतं म्हणून त्यानं ती महिनाभर जपून ठेवली होती. पेटीचं कुलूप नंबरचं होतं म्हणून त्याला पेटी उघडता आली नाही. त्या घरात लॉक तोडून देणं पाच मिनिटांचं काम झालं असतं, आणि किल्ली त्या कंपास पेटीतच राहिली असती.

नंबरचं लॉक असेल तर नंबर कुणी ठेवला ते विचारा, आणि लॉकसोबतचा कागद शोधा. सुरुवातीचा नंबर कधी बदललाच नव्हता, असं मी दोनदा पाहिलं आहे. कागद नसेल आणि आठवत नसेल तर चाकं फिरवत बसू नका. तशात लॉक सारखं हातात फिरतं आणि ट्रिगरवर दाब येत राहतो.

२. ही त्याच लॉकची किल्ली आहे का

किल्ली आत जात नाही किंवा अर्धीच जाते, तेव्हा पहिल्यांदा हे तपासा. घरात पेटीचं कुलूप, सायकलचं कुलूप, सॅकचं कुलूप अशा सगळ्या किल्ल्या एकाच मापाच्या दिसतात. पुष्कळ किल्ल्यांवर बारीक अक्षरात नंबर कोरलेला असतो, काही लॉकवरही असतो. मोबाईलच्या टॉर्चमध्ये दोन्ही बघा. जुळत नसेल तर जोर लावू नका. चुकीची किल्ली आत वाकली की पुढचं सगळं अवघड होतं. दोन बहिणींची दोन पिस्तुलं असलेल्या घरात किल्ल्यांची अदलाबदल झालेली असते, ती मिनिटभरात सुटते.

३. किल्ली बरोबर आहे, पण फिरत नाही

जून ते सप्टेंबर हीच तक्रार. आपल्याकडच्या पावसाळ्यात पेटीतला फोम ओल धरतो आणि कुलपाच्या आतल्या बारीक पिना गंजतात. त्यात कुणीतरी आधीच खोबरेल तेल किंवा शिलाई मशीनचं तेल सोडलेलं असतं. तेल धूळ पकडतं, महिन्याभरात त्याचा चिकट थर होतो आणि कुलूप आणखी घट्ट होतं. घरातल्या कडी-कोयंड्याला तेल चालतं, या एवढ्याशा कुलपाला चालत नाही. शिवाय ते ओघळून ट्रिगरच्या यंत्रणेत गेलं तर ट्रिगरचं वजन बदलतं.

त्याऐवजी ग्रॅफाईटची पूड वापरा. पेन्सिलीचं शिसं ब्लेडनं खरवडून ती किल्लीच्या दातांना चोळली तरी चालतं. किल्ली सरळ आत-बाहेर दहा-बारा वेळा करा, मगच फिरवा. फिरवताना दुसऱ्या हातानं लॉकचे दोन भाग हलकेच एकमेकांकडे दाबा. खाचांवरचा ताण त्यामुळे सैल होतो, आणि ताण असला तर बरोबर किल्लीसुद्धा फिरत नाही. हे करताना सिलिंडर काढलेलं, लिव्हर उघडी आणि फ्लॅग आत, हे पुन्हा एकदा बघून घ्या. बोटांची ताकद लागते तेवढीच लावा. पक्कड लावायची वेळ आली म्हणजे थांबायची वेळ आली.

किल्ली फिरते पण भाग सुटत नाहीत, अशा वेळी रबराचा पॅड गार्डला चिकटलेला असतो. किल्ली उघड्या बाजूला धरून ठेवा आणि भाग सरळ बाहेर ओढा. डावी-उजवीकडे हलवून सोडवायचा मोह होतो, पण त्यानंच दांडा ट्रिगरला घासतो.

४. किल्ली वाकली, झिजली, तुटली

वाकलेली किल्ली हातोडीनं सरळ करून परत घालू नका, ती आतच तुटेल. दुसरी किल्ली चांगली असेल तर तिच्यावरून किल्लीवाल्याकडून नक्कल करून घ्या. त्यासाठी फक्त किल्ली न्या, पिस्तूल नको.

तुटलेला तुकडा बाहेर दिसत असेल तर बारीक चिमट्यानं एकदाच, सरळ ओढून बघा. काडीला फेविक्विक लावून तो चिकटवून काढायचा प्रयोग करू नका. मी असं एक लॉक पाहिलं आहे, त्यातला तुकडा आणि पिना एकजीव झाल्या होत्या.

५. दुकानदार आणि लॉक बनवणारी कंपनी

बिल, लॉकचा फोटो आणि किल्लीचा नंबर असेल तर ज्यांच्याकडून घेतलं त्यांना विचारा. काही कंपन्या नंबरवरून किल्ली देतात, काही देत नाहीत. याला दिवस लागतात, म्हणून स्पर्धा तोंडावर असेल तर याच्या भरवशावर राहू नका. त्यापेक्षा कोचना फोन करा. क्लबकडे जादा पिस्तूल असतं, आणि एक मॅच दुसऱ्या पिस्तुलानं खेळलेली मी कितीतरी मुलं पाहिली आहेत. पकडीचं माप थोडं वेगळं लागतं, चार गुण कमी पडतात. सकाळी सहा वाजता स्वयंपाकघरात ड्रिल चालवण्यापेक्षा ते परवडलं.

ऑनलाईन स्वस्तात मिळणाऱ्या लॉकबद्दल एक सांगायचं आहे. आमच्या रेंजवर एकाच ऑर्डरमध्ये मागवलेली चार लॉक एकाच किल्लीनं उघडली. मुलांना त्याची गंमत वाटली, मी ती चारही बदलायला लावली.

६. लॉक तोडूनच काढायचं असेल

इथं तुमचं काम संपलं. कापायचं, छिद्र पाडायचं ते काम हत्यार उघडून ठेवता येणाऱ्या माणसाकडेच द्या, म्हणजे रेंजचा आर्मरर (हत्यारं दुरुस्त करणारा), नाहीतर पिस्तूल विकणाऱ्याचा दुरुस्ती करणारा माणूस. मी घरी करू नका म्हणतो त्याला कारणं आहेत. ड्रिलच्या हादऱ्यानं ट्रिगर सुटू शकतो. धातूचा कीस ट्रिगरच्या यंत्रणेत जातो आणि तो काढायला सगळं खोलावं लागतं. ड्रिल घसरलं तर गार्ड चिरतो. दोन-अडीचशे रुपयांचं लॉक वाचवायला किंवा तोडायला जाऊन लाखाच्या घरातलं पिस्तूल बिघडवलेलं मी पाहिलं आहे. त्या मुलीचा तो अख्खा सीझन गेला.

आमच्याकडे लॉक काढायला आलात तर मी आधी बिल आणि ओळखपत्र मागतो, आणि मूल अठराच्या आतलं असेल तर पालकांना समोर बसवतो. यात कुणावर संशय नाही. मुलगा एकटा येऊन "बाबांना माहीत आहे" म्हणाला तर मी लॉक काढत नाही.

कुठं लगेच थांबायचं

हत्यार भरलेलं आहे की नाही हे सांगता येत नसेल तर थांबा. स्प्रिंगची रायफल असेल तर थांबा. लॉक लावताना ट्रिगर हलल्याचा आवाज आला होता असं कुणी सांगितलं तर थांबा. पेटीत न घालता, तोंड सुरक्षित दिशेला ठेवून रेंजवर फोन करा आणि विचारा, आणू का आम्ही येऊ.

परवान्याचं हत्यार असेल, म्हणजे .२२ ची रायफल किंवा पिस्तूल, रिव्हॉल्व्हर, बारा बोअरची बंदूक, तर वर लिहिलेलं पहिल्या दोन पायऱ्यांपलीकडे काहीही करू नका. .१७७ इंच नळीची, २० ज्यूलच्या आतल्या ताकदीची एअरगन आणि ही परवान्याची हत्यारं, कायद्याच्या नजरेत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे दुरुस्तीचं काम करायलाही परवाना लागतो. कोपऱ्यावरचा किल्लीवाला कितीही कुशल असला तरी त्याच्या दुकानात बंदूक ठेवून येणं म्हणजे त्या बिचाऱ्याला गुन्ह्यात ओढणं. परवानाधारकानं स्वतः, परवाना सोबत घेऊन, दुरुस्तीचा परवाना असलेल्या शस्त्रविक्रेत्याकडे जावं. आणि किल्ली चोरीला गेल्याचा जरा जरी संशय असेल तर पोलीस ठाण्यात कळवावं.

अजून एक प्रकार गावाकडून येतो. आजोबा वारले, माळ्यावर त्यांची बंदूक सापडली, तिला लॉक आहे आणि किल्ली कुणालाच माहीत नाही. नातवंडांना वाटतं, आधी उघडून बघू, मग काय ते ठरवू. तसं करू नका. परवाना आजोबांच्या नावावर होता. त्यांच्यामागं ती बंदूक विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात, नाहीतर परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावी लागते. आधी पोलीस ठाण्यात फोन करून सांगा, मग ते सांगतील तसं करा. लॉक आहे तसंच राहू द्या. आत काडतूस आहे की नाही हे तुम्हाला माहीत नाही, आणि ते बघणं तुमचं काम नाही.

लॉक निघाल्यावर

लगेच सरावाला सुरुवात करू नका. मॅच पिस्तुलात ट्रिगरचं पातं छोट्या स्क्रूवर पुढं-मागं सरकवता येतं, आणि लॉकच्या ओढाताणीत ते हललेलं असतं. मुलाला नेमका फरक सांगता येत नाही, तो फक्त म्हणतो की आज ट्रिगर वेगळा लागतोय. पातं जागेवर आहे का बघा, ५०० ग्रॅमचं वजन लावून तपासा, मग पेलेटशिवाय वीस-पंचवीस ड्राय फायर, मग रेंजवर.

जुनं लॉक परत वापरू नका, किल्ली नंतर सापडली तरीही. मधल्या काळात ती कुठं होती हे तुम्हाला माहीत नाही.

नवं लॉक आणलं की त्याच दिवशी, पिस्तुलाला लावायच्या आधी, दोन्ही किल्ल्या चालवून बघा. किल्लीच्या नंबरचा फोटो काढून दोन मोठ्या माणसांच्या मोबाईलमध्ये ठेवा. एक किल्ली पालकांच्या जुडग्यात आणि दुसरी घराबाहेर, कोचकडे किंवा विश्वासातल्या नातेवाईकाकडे, पाकिटात घालून, वर मुलाचं नाव आणि तारीख लिहून. काही मॅच पिस्तुलांच्या गार्डवर ट्रिगर लॉक नीट बसतच नाही, सारखं सरकतं. तिथं ते जबरदस्तीनं बसवण्यापेक्षा पेटीला चांगलं कुलूप लावा आणि पेटी कपाटात कुलूपबंद ठेवा. आमच्याकडे चाळीसएक मुलांची अशी पाकिटं माझ्या टेबलाच्या कुलूपबंद खणात आहेत. मागच्या महिन्यात जिल्हा स्पर्धेच्या सकाळी पावणेसात वाजता एका आईचा फोन आला, तेव्हा त्यातलंच एक पाकीट मी रिक्षानं पाठवलं.